रॉबर्ट बॉइल

उष्णमान कायम ठेवून हवेवरील दाब दुप्पट केला असतां तिचें आकारमान निम्में होतें, हा बॉइलचा नियम वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस पाठ असतो. परंतु ज्या पुरुषाच्या नांवानें तो ओळखला जातो, त्याचें चरित्र थोड्यांसच ठाऊक असतें. तें नियमाइतकेंच बोधप्रद आहे असें आम्हांस वाटतें. म्हणून येथें संक्षेपानें देत आहों.

बॉइल हें आयर्लंडांत अनेक घराण्यांचें आडनांव आहे. डोनेगॉल परगण्यांत त्या नांवाचें प्राचीन कुळ होतें. रॉसकॉमन परगण्यांत बॉइल नांवाचें गांवहि आहे. पण त्याचें नांव तेथील नदीवरून पडलें. आमच्या चरित्रनायकाचें घराणें मात्र मूळचें इंग्लंडचें. वडील रिचर्ड बॉइल हे १५८८ सालीं नशीब काढण्यास आयर्लंडांत आले. बंडानंतर जप्त झालेल्या मोठमोठ्या जमिनी त्यांनीं मिळविल्या, अपार संपत्ति जोडली व पुढें ते कॉर्कचे अर्ल झाले.

रॉबर्ट हा त्यांचा सातवा मुलगा. २५ जानेवारी १६२७ रोजीं लिस्मोर येथील गढींत त्याचा जन्म झाला. तो तीन वर्षांचा असतांनाच आई वारली. त्याची प्रकृति नाजूक होती व बोलतांना तो अडखळत असे. ईटन येथें कांहीं वर्षें शिकल्यावर तो यूरोपच्या प्रवासास गेला. जिनीव्हा येथें एका रात्रीं विजांचा भयंकर कडकडाट झाला. न्यायाचा दिवस आला असें वाटून त्यानें यापुढें धार्मिकतेनें वागण्याचा निश्चय केला. परंतु भीतीपोटीं केलेला निश्चय खरा नव्हे, असें मनांत येऊन, सकाळीं आकाश निरभ्र झाल्यावर त्यानें तोच निश्चय शांत चित्तानें पुनः केला. हीच सचोटी पुढें त्यांच्या साऱ्या आयुष्यांत दिसून येते.

ऑक्सफर्ड येथें रॉबर्ट हुक या हुशार मदतनिसाच्या साह्यानें त्यांनीं १६५९ सालीं हवा काढून टाकण्याचा पंप सिद्ध केला. हवा निघून जातांच मेणबत्ती विझते व आवाज क्षीण होतो, हें त्यांनीं प्रयोगानें दाखविलें. त्यांच्या मतावर आक्षेप आले. तेव्हां वांकड्या कांचनळींत पारा ओतून त्यांनीं मापें घेतलीं आणि १६६२ सालीं वरील नियम प्रसिद्ध केला. रिचर्ड टाउनली यांनीं ही कल्पना सुचविली होती, हें त्यांनीं स्वतःच लिहून ठेविलें. फसलेल्या प्रयोगांविषयींहि त्यांनीं मोकळेपणानें लिहिलें.

त्यांना पुष्कळ मान देऊं करण्यांत आले. धर्मोपदेशकाची दीक्षा घ्या, असा आग्रह झाला. पण पगारी नसलेल्या मनुष्याच्या धर्मपर लिखाणास अधिक वजन येईल, म्हणून त्यांनीं ती घेतली नाहीं. १६८० सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस अध्यक्ष निवडलें. शपथ घेणें मनास पटेना, म्हणून तेंहि पद नाकारलें.

ज्या आयर्लंडच्या जमिनींवर घराण्याचें वैभव उभें होतें, तेथील गरिबांस त्यांच्या भाषेंत पवित्र शास्त्र मिळत नव्हतें. बॉइल यांनीं पदरच्या पैशानें आयरिश नवा करार १६८१ सालीं पुनः छापविला. बिशप बेडेल यांच्या देखरेखीखालीं झालेलें जुन्या कराराचें भाषांतर सुमारें चाळीस वर्षें हस्तलिखितांतच पडून होतें. तेंहि १६८५ सालीं छापून निघालें. आपला मराठी नवा करार बंगालमधील सेरामपूर येथें १८११ सालीं निघाला, हें लक्षांत घेतलें म्हणजे मातृभाषेच्या ह्या सेवेचें महत्त्व आपणांस विशेष कळेल.

त्यांनीं विवाह केला नाहीं. अखेरचीं वर्षें लंडनमध्यें बहीण लेडी रॅनला हिच्या घरीं गेलीं. डिसेंबर १६९१ मध्यें ती वारली. एका आठवड्यानें, ३१ तारखेस, तेहि निवर्तले. ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ दरसाल व्याख्यानें व्हावीं, मात्र त्यांत ख्रिस्ती पंथांच्या आपसांतील वादास स्थान नसावें, अशी तजवीज त्यांनीं मृत्युपत्रांत केली होती.

ज्या चर्चमध्यें त्यांस पुरलें तें पुढें पाडण्यांत आलें व कबरेची जागाहि राहिली नाहीं. चंद्रावरील एका विवरास मात्र त्यांचें नांव आहे. विद्यार्थिमित्रहो, आडनांव हें वडिलांकडून फुकट मिळतें. त्यास अर्थ आपल्या वर्तनानें आणावा लागतो. प्रयोगवहींत आंकडा जसा आला तसाच लिहा. दुसऱ्यानें साह्य केलें असेल तर त्याचें नांव घ्या. इतकें केलें तरी ह्या थोर पुरुषाचें स्मरण आपण योग्य प्रकारें केलें, असें आम्ही समजूं.