ताई महाराज प्रकरण : लोकमान्यांचा चौदा वर्षांचा दिवाणी लढा

रायपूरच्या गोल बाजारात दरवर्षी भाद्रपदात सार्वजनिक गणपतीची प्रतिष्ठापना होते. महाराष्ट्राबाहेरच्या या बाजारपेठेत गणेशोत्सव साजरा होताना लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. उत्सवाला सार्वजनिक रूप देणारे नेते, 'केसरी'चे संपादक, राजद्रोहाच्या खटल्यांत कारावास भोगणारे देशभक्त म्हणून ते सर्वांना परिचित आहेत. मात्र त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दीर्घ न्यायालयीन लढा राजद्रोहाचा नव्हता. तो एका दत्तविधानाचा दिवाणी दावा होता. पुण्याच्या न्यायालयात सुरू झालेला हा वाद मुंबई उच्च न्यायालयातून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि निकाली निघण्यास चौदा वर्षे लागली. खालच्या न्यायालयाने पुराव्यावर दिलेला निकाल वरच्या न्यायालयाने कोणत्या आधारावर फिरवावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता.

कायद्याचे पदवीधर, पण वकिली नाही

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरी येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेतल्यानंतर १८७९ मध्ये ते एलएल.बी. झाले. वकिलीचा व्यवसाय मात्र त्यांनी केला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासमवेत त्यांनी शिक्षण व वृत्तपत्र या दोन क्षेत्रांत कार्य आरंभले. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सुरू झाली.

न्यायालयाची पायरी त्यांना लवकरच चढावी लागली. कोल्हापूरच्या अल्पवयीन छत्रपतींच्या छळाविषयी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केल्याने टिळक व आगरकर यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला. १८८२ मध्ये दोघांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढे १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यावर टिळकांनी चरितार्थासाठी कायद्याचे वर्ग चालविले. पुरावा, साक्ष आणि हिंदू धर्मशास्त्र हे विषय त्यांच्या नित्य व्यासंगातील होते. त्या व्यासंगाची कसोटी स्वतःच्याच प्रकरणात लागणार होती.

मित्राला दिलेले वचन

पुण्यातील प्रथम वर्गाचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे टिळकांचे स्नेही होते. त्यांच्या घराण्याची इनामे कोल्हापूर संस्थानातही होती. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांना पटकीने गाठले. टिळकांवर त्याच सुमारास राजद्रोहाचा पहिला खटला भरण्यात आला होता. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना जामिनावर सोडून आठवडाही झाला नव्हता. अशा अवस्थेत ते मित्राच्या अंथरुणापाशी गेले. ७ ऑगस्ट १८९७ रोजी बाबा महाराजांनी मृत्युपत्र केले आणि त्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

मृत्युपत्रात टिळक आणि अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांच्यासह काही स्नेह्यांना विश्वस्त नेमले होते. बाबा महाराजांच्या पत्नी ताई महाराज त्या वेळी गरोदर होत्या. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद त्यात होती. टिळकांना लवकरच अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ते तुरुंगात असतानाच ताई महाराजांना पुत्र झाला आणि अवघ्या दोन महिन्यांत तो दगावला. सुटकेनंतर टिळकांच्या हाती आली ती कर्जाने ग्रासलेली मिळकत, एक अत्यंत तरुण विधवा आणि दत्तकाचा नाजूक प्रश्न.

औरंगाबादला काय घडले?

जून १९०१ च्या अखेरीस टिळक, खापर्डे आणि ताई महाराज निजामाच्या राज्यातील औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात गेले. पंडित घराण्याच्या तिकडील शाखेतील जगन्नाथ नावाच्या बालकाला तेथे दत्तक घेण्यात आले, असे विश्वस्तांचे म्हणणे होते. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तकात मुलाचे प्रत्यक्ष देणे आणि घेणे हा विधीचा गाभा असतो. मुलाला मांडीवर बसविले की नाही, एवढ्या एका कृतीवर साऱ्या मिळकतीचे भवितव्य अवलंबून होते.

पुण्यास परतल्यावर ताई महाराजांचे मत पालटले. असा विधी झालाच नाही, असे त्यांनी सांगितले. टिळकांना मिळालेले प्रोबेट रद्द व्हावे, असा अर्ज जुलै १९०१ मध्ये जिल्हा न्यायालयात करण्यात आला. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरकडील पंडित शाखेतील बाळा महाराज यांना दत्तक घेतले. कोल्हापूरच्या दरबाराचा कल या दुसऱ्या दत्तकाकडे होता.

या प्रकरणाकडे पाहताना ताई महाराजांची बाजूही ध्यानात घेणे आवश्यक आहे. कोवळ्या वयात वैधव्य आलेल्या या स्त्रीभोवती कारभारी, नातलग, विश्वस्त आणि संस्थान यांचा वेढा होता. आपला मुलगा आपण निवडावा, ही तिची इच्छा अस्वाभाविक नव्हती. दुसरीकडे मृत मित्राने विश्वासाने सोपविलेले काम मध्येच सोडणे टिळकांना अधर्म वाटत होते. दोन्ही बाजूंचे हितसंबंध गुंतलेले असल्याने न्यायालयासमोरचे काम कठीण होते.

साक्षीदारच आरोपी झाला

जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी एप्रिल १९०२ मध्ये टिळकांविरुद्ध निर्णय दिला. प्रोबेट रद्द झाले, इतकेच नव्हे तर खोटी साक्ष व अन्य आरोपांखाली टिळकांवर फौजदारी कारवाईचा मार्ग मोकळा करण्यात आला. दिवाणी वादाला आता चारित्र्याच्या प्रश्नाचे रूप आले. सरकारविरुद्ध लिहिणारा संपादक शपथेवर खोटे बोलतो, असा शिक्का बसला असता तर त्यांच्या सार्वजनिक आयुष्याचा पायाच ढासळला असता.

विशेष दंडाधिकारी क्लेमंट्स यांनी ऑगस्ट १९०३ मध्ये त्यांना अठरा महिने सक्तमजुरी व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. जानेवारी १९०४ मध्ये सत्र न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली, परंतु दोष कायम ठेवला. अखेर मार्च १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या पीठाने त्यांना निर्दोष ठरविले.

याच काळात, १९०३ मध्ये, टिळकांचे ज्येष्ठ पुत्र विश्वनाथ प्लेगने मृत्यू पावले. त्याच वर्षी आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा त्यांचा इंग्रजी ग्रंथही प्रसिद्ध झाला. खटल्याच्या तारखा, घरातील दुःख आणि ग्रंथलेखन ही तिन्ही एकाच वेळी चालू होती.

दिवाणी दावा : तीन न्यायालये, तीन निकाल

फौजदारी खटल्यातून सुटका झाली, तरी जगन्नाथ हा कायदेशीर दत्तक पुत्र आहे काय, हा मूळ प्रश्न अनिर्णित होता. दावा चालू असताना ताई महाराजांचेही निधन झाले आणि वाद दोन दत्तकांमधील झाला.

पुण्याच्या प्रथम वर्ग दुय्यम न्यायाधीशांनी साक्षीपुरावा घेऊन १९०६ मध्ये जगन्नाथच्या बाजूने निकाल दिला. विरुद्ध पक्ष अपिलात गेला. १९१० मध्ये न्यायमूर्ती चंदावरकर व न्यायमूर्ती हीटन यांच्या पीठाने तो निकाल फिरविला आणि औरंगाबादच्या दत्तविधानाला मान्यता नाकारली. तेव्हा टिळक मुंबईतच नव्हते. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन ते ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात होते. 'गीतारहस्य' हा ग्रंथ त्यांनी तेथेच लिहिला.

उच्च न्यायालयाचा निर्णय मान्य करायचा, तर औरंगाबादच्या प्रसंगाविषयी साक्ष देणाऱ्या अनेक प्रतिष्ठित व्यक्तींनी संगनमताने असत्य कथन केले, असा त्याचा अर्थ होत होता. हा निष्कर्ष पुराव्यातून निघत नाही, ही प्रिव्ही कौन्सिलपुढील अपिलाची मध्यवर्ती भूमिका होती. जून १९१४ मध्ये टिळक मंडालेहून परतले तेव्हा हे अपील लंडनमध्ये प्रलंबित होते.

२६ मार्च १९१५ रोजी प्रिव्ही कौन्सिलचा निकाल लागला. लॉर्ड शॉ यांनी तो सांगितला. उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द झाला आणि जगन्नाथचे दत्तविधान वैध ठरले.

निकालातील मर्म

या निकालाचे महत्त्व केवळ पंडित घराण्यापुरते नव्हते. आधीच्या कामकाजातील जबान्या व कागद यांचा साक्षीदारांविरुद्ध वापर झाला होता. त्यांतील विसंगती दाखवून साक्षीदार अविश्वसनीय ठरविले गेले, परंतु ते पिंजऱ्यात उभे असताना ती विशिष्ट विधाने त्यांच्यासमोर ठेवून खुलासा विचारण्यात आला नव्हता. प्रिव्ही कौन्सिलने ही पद्धत अमान्य केली. एखाद्याचे पूर्वीचे लेखी विधान त्याच्याविरुद्ध वापरायचे असेल, तर उलटतपासणीत ते त्याला दाखविले पाहिजे आणि स्पष्टीकरणाची संधी दिली पाहिजे. तसे न करता त्याला खोटे ठरविणे अन्यायाचे होय.

हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १४५ मध्ये होतेच. टिळकांच्या प्रकरणाने त्याला धार आली. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम १४८ मध्ये तीच तरतूद आहे. १९१५ च्या या निकालाचा आधार भारतातील न्यायालयांनी पुढे वारंवार घेतला आहे.

अपिलाच्या दृष्टीनेही हा धडा मोलाचा आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालील पहिल्या अपिलात वस्तुस्थिती व कायदा या दोहोंचा फेरविचार होऊ शकतो. मात्र ज्या न्यायाधीशाने साक्षीदारांना प्रत्यक्ष पाहिले व ऐकले, त्याचा निष्कर्ष बाजूला सारायचा तर तशी सबळ कारणे दप्तरातच असावी लागतात. दुसऱ्या अपिलात, म्हणजे कलम १०० खाली, १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच उच्च न्यायालय हस्तक्षेप करते. पुराव्याचा मुळीच आधार नसलेला निष्कर्ष हा तेथे कायद्याचा प्रश्न ठरू शकतो. निकाल आपल्याला पटला नाही, एवढे कारण पुरेसे नसते. कोणता निष्कर्ष, कोणत्या साक्षीशी किंवा कागदाशी विसंगत आहे, हे अपिलात नेमके दाखवावे लागते.

गोल बाजारातील एखाद्या कुटुंबाने दुकानाच्या वाटणीचा दावा गमावला, तर त्यालाही हाच मार्ग आहे. पहिले अपील जिल्हा न्यायालयात करावयाचे असल्यास मुदत ३० दिवसांची, तर उच्च न्यायालयात करावयाचे असल्यास ९० दिवसांची असते. छत्तीसगडचे उच्च न्यायालय २००० पासून बिलासपूर येथे आहे. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा भारतावरील अधिकार १९४९ मध्ये संपला.

रायपूरशी जडलेला दुवा

टिळकांच्या विचारांचा रायपूरशी असलेला संबंध गणेशोत्सवापुरता मर्यादित नाही. पंडित माधवराव सप्रे यांनी १९०० मध्ये पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले. रायपूरचे वामनराव लाखे त्यांचे या कार्यातील सहकारी होते. सप्रे यांनी १९०७ मध्ये नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला आणि पुढे 'गीतारहस्या'चा हिंदी अनुवाद केला. टिळकांचे कार्य हिंदी भाषकांपर्यंत नेणाऱ्या या मराठी लेखकाचे निधन १९२६ मध्ये रायपूर येथेच झाले.

अखेरपर्यंत विश्वस्त

प्रिव्ही कौन्सिलच्या निकालानंतरही कोल्हापूर संस्थानातील मिळकतीचा गुंता सहज सुटला नाही. न्यायालयातील प्रत्येक लढाई टिळकांनी जिंकली, असेही नव्हे. व्हॅलेंटाइन चिरोल यांच्याविरुद्ध लंडनमध्ये केलेला बदनामीचा दावा ते १९१९ मध्ये हरले आणि त्याच्या खर्चाचा मोठा भार त्यांच्यावर पडला.

जुलै १९२० मध्ये टिळक मुंबईस आले, ते ताई महाराज प्रकरणाशी संबंधित कामासाठीच. सरदारगृहात त्यांचा मुक्काम होता. तेथेच ते आजारी पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

परकीय सत्तेशी आयुष्यभर झुंजणाऱ्या या नेत्याने त्याच सत्तेच्या न्यायालयांत, तिच्याच कायद्याच्या आधारे, एका परक्या बालकाचा हक्क मिळवून दिला. त्यात त्यांचा स्वतःचा आर्थिक लाभ नव्हता. पणाला लागला होता तो मित्राला दिलेला शब्द आणि शपथेवर दिलेल्या साक्षीची सत्यता. म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावाचून कोणालाही खोटे ठरवू नये, हे तत्त्व या लढ्यातून भारतीय न्यायव्यवस्थेत दृढ झाले. लोकमान्यांच्या चरित्रातील या काहीशा विस्मृत प्रकरणाचे ते चिरस्थायी फलित होय.