पहिली मोहिनी

विक्रम गोखले माहीत आहेत ना? मग त्यांच्या आजीला भेटा, कमलाबाई गोखले!

दादासाहेब फाळकेंच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये (१९१३) तारामती झाला होता एक पुरुष, अण्णा साळुंके. कारण बाईनं सिनेमात काम करणं म्हणजे बदनामी. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र १३-१४ वर्षांची कमला मोहिनी झाली आणि तिची आई दुर्गाबाई कामत पार्वती. नाचता नाचता भस्मासुराला स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवायला लावून भस्म करणारी ही मोहिनी! तो मूकपट आज उरलेला नाही.

कमलाबाई मात्र थांबल्या नाहीत. नवरा तरुणपणीच गेला. नाटकात पुरुषांच्या भूमिकाही करून त्यांनी तीन मुलं वाढवली.

कॉलेजच्या एकांकिकेत हिरॉइनसाठी तुम्हाला मुलगा शोधावा लागत नाही ना? सिनेमात त्याची सुरुवात या मायलेकींनी केली.