मळणीयंत्राच्या कारखान्यातून निघालेलं धुण्याचं यंत्र

सोयाबीन काढणीला आलं की अख्खं गाव थ्रेशरच्या मागे असतं. मालकाला जेवायला सवड नसते. महिना-दीड महिन्यात हंगाम संपतो आणि तेच थ्रेशर ताडपत्री टाकून शेडमध्ये उभं राहतं. बँकेच्या हप्त्याला मात्र हंगाम नसतो, तो बारा महिने येतो. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कारखानदारापुढे हीच अडचण होती. तो मळणीयंत्राचे भाग बनवायचा. रिकाम्या महिन्यांत कामगारांना काम काय द्यायचं, या काळजीतून त्याने कपडे धुण्याचं यंत्र बनवायला घेतलं. फ्रेडरिक लुईस मेटॅग त्याचं नाव. पुढे त्याच्या नावाची वॉशिंग मशीन अमेरिकेत घरोघरी गेली. पण आपल्यासारख्या शेतकऱ्यांनी त्याची गोष्ट वाचावी ती वेगळ्या कारणाने. हा माणूस शेतातून आला होता आणि त्याचं यंत्रही आधी शेतावरच्या बायांच्या उपयोगी पडलं.

मेटॅग यांचा जन्म १४ जुलै १८५७ चा, इलिनॉय राज्यातल्या एल्गिन गावचा. आईवडील जर्मनीतून पोट भरायला आलेले. दहा भावंडांत हा थोरला. तो दहा वर्षांच्या आसपास असताना घरच्यांनी छप्पर घातलेल्या गाडीत संसार भरला आणि शेजारच्या आयोवा राज्यात जाऊन शेती धरली. आयोवा म्हणजे मक्याचा मुलूख. काळी जमीन, पण थंडी हाडं गोठवणारी. थोरल्या पोराच्या वाट्याला जे येतं ते सगळीकडे सारखंच. शाळा थोडी, काम जास्त.

तेवीस-चोवीस वर्षांचा झाल्यावर तो शेती सोडून न्यूटन या तालुक्याएवढ्या गावी आला आणि शेतीची अवजारं विकणाऱ्या दुकानात लागला. नंतर लाकडाच्या वखारीत भागीदारी केली. १८८२ मध्ये डीना बर्गमन यांच्याशी लग्न झालं. बायकोचे दोन भाऊ धंद्यात सोबत आले. १८९३ मध्ये मेटॅग, दोघे मेहुणे आणि जॉर्ज पार्सन्स नावाचे गृहस्थ अशा चौघांनी मिळून २,४०० डॉलर जमा केले आणि कारखाना काढला. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली होती, हे विशेष.

कारखान्यात काय बनायचं ते नीट समजून घेऊ. त्या काळी गव्हाच्या पेंढ्या सुतळीने बांधून मळणीयंत्राजवळ आणत. यंत्राच्या तोंडाशी एक जण चाकूने पेंढीचा बंद कापायचा आणि दुसरा पेंढी पसरून आत सरकवायचा. यंत्र गरगर फिरतंय, धूळ उडतेय, आणि माणसाचा हात तोंडापासून वीतभर अंतरावर. आपल्याकडे थ्रेशरमध्ये हात गेलेली माणसं तालुक्या-तालुक्यात भेटतात, त्यामुळे जास्त सांगायला नको. न्यूटनच्या कारखान्याने जोडणी बनवली ती याच जागेसाठी. बंद यंत्रच कापणार, पेंढीही यंत्रच सरकवणार, माणसाने फक्त पट्ट्यावर टाकायची.

कल्पना चांगली होती, माल मात्र सुरुवातीला कच्चा निघाला. ऐन मळणीत जोडण्या मोडायला लागल्या. मळणी अडली की शेतकऱ्याचं काय होतं, ते ज्याचं खळं भरलेलं आहे त्यालाच कळतं. तक्रारी आल्या तेव्हा मेटॅग कारखान्यात बसून राहिले नाहीत. मोडलेल्या यंत्राजवळ शेतात जाऊन दुरुस्ती करून द्यायची, कुठला भाग का तुटला ते पाहायचं, परत येऊन तो भाग बदलायचा, असं चाललं. माझ्या मते त्यांचं खरं शिक्षण इथेच झालं. पुढे धुण्याच्या यंत्रात जो पक्केपणा दिसतो त्याचं मूळ या शेतातल्या शिव्याशापांत आहे. १९०२ पर्यंत हा कारखाना मळणीयंत्राच्या या जोडणीत जगात सगळ्यात मोठा झाला होता. त्याच साली मेटॅग आयोवाच्या सिनेटमध्ये दाखल झाले. ही सिनेट म्हणजे आपल्या विधानपरिषदेसारखं वरचं सभागृह. तिथे ते दहा वर्षं होते. राजकारणाबद्दल एवढं पुरे.

धंदा वाढला तरी हंगामाचं गणित सुटत नव्हतं. कापणी-मळणीच्या आधी कारखान्यात रात्रंदिवस काम, नंतर सगळं थंड. शिकवलेला कामगार एकदा घरी पाठवला की पुढच्या वर्षी परत येईलच असं नाही. न्यूटनमध्ये आधीपासून हाताने फिरवायची धुण्याची यंत्रं बनत होती. कपडे तर बाराही महिने मळतात. १९०७ मध्ये मेटॅग यांच्या कारखान्यातून पहिलं धुण्याचं यंत्र बाहेर पडलं. त्याचं नाव 'पासटाइम', म्हणजे विरंगुळा. धुणं धुणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय ठेवलेलं नाव दिसतंय हे.

यंत्र कसं होतं? लाकडी पिंप, आतून पन्हाळी पत्र्यासारखे वळ पाडलेले. वर झाकण. झाकणाला आतल्या बाजूने लाकडी खुंट्या लावलेला दांडा लोंबकळत असे. बाहेरून दांडी फिरवली की खुंट्या कपड्यांना पकडून इकडून तिकडे ओढत आणि पिंपाच्या वळांवर घासत. आपल्या बाया दगडावर कपडा घासतात, तेच काम पिंपात. कंबर थोडी वाचली, पण दंड दुखायचेच, शिवाय खुंट्यांत अडकून कपडे पिळवटत आणि फाटत. असली यंत्रं तेव्हा बरेच जण बनवत होते. मेटॅग यांचं त्यात वेगळं असं काही नव्हतं.

वेगळेपण आलं ते हॉवर्ड स्नायडर या माणसामुळे. स्नायडर हे कारखान्यातले हाडाचे मेकॅनिक. पुढच्या सगळ्या सुधारणांमागे डोकं त्यांचं होतं. नाव मालकाचं झालं, पण शोध स्नायडर यांचे, ही गोष्ट लिहिताना झाकून ठेवणं बरं नाही. आधी त्यांनी यंत्राला पुली बसवली, म्हणजे बाहेरच्या इंजिनावरून पट्टा टाकून ते चालवता येईल. या यंत्राला नाव दिलं 'हायर्ड गर्ल', आपल्या भाषेत मोलकरीण. १९११ मध्ये विजेच्या मोटारीवर चालणारं यंत्र आलं.

पण वीज होती शहरात. खेड्यात नव्हती. पुढे १९३० नंतरच्या काळातसुद्धा अमेरिकेत दहा शेतघरांपैकी जेमतेम एकाकडे लाइट होती. आज आपण अमेरिका म्हटलं की झगमगाट डोळ्यांपुढे आणतो, पण तिथली शेतकरीणही हिरीवरून पाणी शेंदून, चुलीवर तापवून सोमवारी आठवड्याचं धुणं काढायची. सोमवार हा तिकडे धुण्याचाच वार. चिखलाने भरलेले जाड कपडे, सात-आठ माणसांचं घर आणि धुतल्यावर पिळायचं वेगळं.

हे गिऱ्हाईक मेटॅग यांच्या ओळखीचं होतं, कारण याच लोकांना ते वीस वर्षं यंत्रं विकत आले होते. १९१४-१५ च्या सुमारास त्यांनी यंत्राच्या खालीच छोटं पेट्रोल इंजिन बसवलं. साधारण अर्ध्या अश्वशक्तीचं, टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं, जसं आपण फवारणीच्या पंपात टाकतो. सुरू करायला पायाने किक मारायची. धूर घरात कोंडू नये म्हणून लांब नळी दिलेली असे, ती खिडकीतून किंवा दारातून बाहेर काढायची. आवाज भरपूर. पण वीज नसलेल्या घरातल्या बाईच्या हातातली दांडी सुटली. कपडे पिळायला वर दोन रूळ असत, उसाच्या चरकासारखे. त्यातून कपडा घातला की पाणी निथळून चपटा बाहेर. त्यात बोटं सापडण्याची भीती होती, हेही सांगायला हवं.

या यशाच्या आगेमागे मेटॅग यांनी एक चूकही केली. १९१० च्या सुमारास ते मोटारगाड्यांच्या धंद्यात उतरले. मेटॅग-मेसन नावाची गाडी निघाली. तिचे कारागीर नंतर अमेरिकेत फार नावाजले गेलेले ड्यूझेनबर्ग बंधू होते. तरी धंदा दोन वर्षांतच गुंडाळावा लागला आणि पैसा बुडाला.

१९१९ मध्ये लाकडी पिंपाच्या जागी ॲल्युमिनियमचं एकसंध ओतीव पिंप आलं. लाकूड फुगतं, गळतं, कुजतं. ॲल्युमिनियमला ती भानगड नाही. त्यासाठी न्यूटनमध्ये स्वतःची ओतशाळा उभारावी लागली. खर्च मोठा झाला, आणि लगेच १९२०-२१ मध्ये शेतमालाचे भाव कोसळले. पहिल्या महायुद्धात वर गेलेले मक्याचे, गव्हाचे भाव एकदम खाली आले. शेतकऱ्याने खरेदी थांबवली. कारखाना अडचणीत आला. शेतकऱ्याच्या खिशावर चालणारा धंदा असाच असतो, कापूस पडला की आपल्या बाजारपेठेत कापड दुकानदारही माशा मारत बसतो.

अशा वेळी, १९२२ मध्ये, स्नायडर यांचं सगळ्यात मोठं काम बाहेर आलं. त्यांनी झाकणाला लोंबकळणारा खुंट्यांचा दांडा काढूनच टाकला आणि पिंपाच्या तळाला चार पात्यांची फिरकी बसवली. फिरकी अर्धा फेरा या बाजूला, अर्धा त्या बाजूला फिरायची. आता कपडे ओढायचे नव्हते, पाणीच जोराने ढवळून कपड्यांमधून ढकलायचं होतं. साबणाचं पाणी कपड्यातून आरपार जाऊ लागलं आणि मळ सुटायला लागला. घासणं कमी, त्यामुळे फाटणंही कमी. झाकणाला यंत्रसामग्री राहिली नाही, तर चालू यंत्रातही वरून कपडा टाकता किंवा काढता येऊ लागला. एवढीच सुधारणा. दांडा वरून खाली नेला. पंधरा वर्षं हे का सुचलं नाही असं आज वाटतं, पण सुचल्यावर सगळंच सोपं वाटतं.

यंत्राचं नाव 'जायराफोम'. मेटॅग तेव्हा पासष्टीला आलेले. कारखान्याची सूत्रं मुलाकडे दिली होती. पण हे यंत्र चालताना पाहिलं आणि म्हातारा परत विक्रीला बाहेर पडला. विकायची पद्धत साधी होती. यंत्र घरी नेऊन द्यायचं, बाईने आपल्या घरचं आठवड्याचं धुणं त्यात धुवून पाहायचं, पटलं तर ठेवायचं, नाही तर परत. शेतात मोडलेल्या जोडण्या दुरुस्त करत हिंडलेल्या माणसाला ठाऊक होतं की शेतकऱ्याच्या घरात बोलण्याला किंमत नाही, चालण्याला आहे. १९२४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर पाच धुण्याच्या यंत्रांतलं एक मेटॅगचं होतं. १९२७ पर्यंत दहा लाखावं यंत्र बाहेर पडलं. शेतीची अवजारं बनवणं तोवर बंद झालं होतं. रिकाम्या महिन्यांसाठी घेतलेल्या कामाने मूळ कामच बाहेर काढलं.

शेतघरांसाठी आणखी जोड निघाले. त्याच इंजिनावर लोणी काढायची रवी बसवता यायची, मांस बारीक करायचं यंत्र जोडता यायचं. एक इंजिन, तीन कामं. ट्रॅक्टरच्या मागे कधी पेरणीयंत्र तर कधी फवारणीची टाकी लावणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. ती छोटी इंजिनं जमवून, साफ करून पुन्हा चालू करणारे हौशी लोक अमेरिकेत आजही आहेत.

नंतरच्या काळात मेटॅग न्यूटनचे महापौर झाले, गावाला मोठं उद्यान दिलं, हॉटेलची इमारत उभी केली. २६ मार्च १९३७ रोजी कॅलिफोर्नियात त्यांचं निधन झालं. न्यूटनमध्ये त्यांना दफन करण्यात आलं.

पुढचं वर्ष न्यूटनला चांगलं गेलं नाही. कारखाना तेव्हा मुलाच्या हातात होता. १९३८ मध्ये मजुरीत दहा टक्के कपात केली म्हणून कामगारांनी संप केला. प्रकरण इतकं चिघळलं की गावात सैनिक आणावे लागले, आणि शेवटी कामगारांना कपात मान्य करूनच कामावर परतावं लागलं. रिकाम्या महिन्यांत कामगार टिकावा म्हणून जे यंत्र सुरू झालं, त्याच यंत्राच्या कारखान्यात हे घडलं. २००६ मध्ये कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीने विकत घेतली आणि २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला.

आपल्या गावात हल्ली हप्त्यावर आलेली दोन टाक्यांची मशीन बऱ्याच ओट्यांवर दिसते. धुण्याच्या टाकीत हात घालून तळ चाचपून पाहा. तिथे एक चकती आहे. बनावट बदलली, लाकडाचं ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियमचं प्लास्टिक झालं, पण पाणी तळातूनच ढवळलं जातं.