विल्यम एलिस मेटफर्ड

विल्यम एलिस मेटफर्ड (४ ऑक्टोबर, १८२४:टाँटन, सॉमरसेट, इंग्लंड - १४ ऑक्टोबर, १८९९:ब्रिस्टल, इंग्लंड) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंता आणि रायफलच्या नळीचे संशोधक होते. नळीच्या आत अतिशय उथळ आणि गोलसर कडांच्या खाचा पाडण्याची त्यांची पद्धत मेटफर्ड रायफलिंग या नावाने ओळखली जाते. ब्रिटिश सैन्याने १८८८ मध्ये स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलच्या नावातील दुसरा शब्द त्यांच्या आडनावावरून आला आहे. भारतात थ्री-नॉट-थ्री म्हणून परिचित असलेली ली-एनफिल्ड ही त्याच रायफलची पुढची आवृत्ती होय.

मेटफर्ड स्वतः बंदुका बनवणारे कारागीर नव्हते आणि सैनिकही नव्हते. लोहमार्गाच्या मोजणीतून आलेली सूक्ष्म मापनाची सवय त्यांनी बंदुकीच्या नळीला लावली. त्यांच्या नळीची अचूकता नेमबाजीच्या मैदानांवर सुमारे दोन दशके वादातीत राहिली. टिकाऊपणाच्या कसोटीवर मात्र तिला त्यांच्या हयातीतच सैन्याच्या सेवेतून बाजूला व्हावे लागले. त्याचे कारण नळीइतकेच तिच्यात जळणाऱ्या नव्या दारूत होते.

सुरुवातीचे जीवन

मेटफर्ड यांचा जन्म टाँटन येथील फ्लूक हाउसमध्ये झाला. वडील विल्यम मेटफर्ड हे डॉक्टर होते. शर्बर्न येथील शाळेत शिक्षण झाल्यावर मेटफर्ड यांनी लोहमार्ग बांधणीत उमेदवारी केली. इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेल यांच्या हाताखालील अभियंत्याकडे, ब्रिस्टल आणि एक्झेटर लोहमार्गावर ते काम शिकले. पुढे १८४६ ते १८५० या काळात ते विल्टशायर-सॉमरसेट भागातील लोहमार्गाच्या कामावर होते. मोजणीसाठी वापरल्या जाणाऱ्या थिओडोलाइट या उपकरणातही त्यांनी सुधारणा केली. १८५६ मध्ये त्यांचा विवाह कॅरोलाइन वॉलिस यांच्याशी झाला.

एनफिल्डची गोळी

नेमबाजीची आवड त्यांना तरुणपणापासूनच होती. १८५० च्या दशकाच्या सुरुवातीस ब्रिटिश सैन्य गुळगुळीत नळीच्या बंदुका सोडून .५७७ इंच व्यासाच्या एनफिल्ड रायफलकडे वळत होते. रायफलच्या नळीत सर्पिल खाचा असतात. गोळी त्यांतून जाताना स्वतःभोवती फिरू लागते आणि त्या फिरण्यामुळे तिची दिशा स्थिर राहते. ठासणीच्या बंदुकीत गोळी पुढच्या तोंडातून आत ढकलावी लागे. म्हणून ती नळीपेक्षा किंचित बारीक असणे आवश्यक होते आणि दारू पेटताच फुगून तिने खाचा पकडणेही आवश्यक होते. मिनिए पद्धतीत यासाठी गोळीच्या तळाशी लोखंडी टोपण बसवत. असे टोपण नसले तरी पोकळ तळाची गोळी स्फोटाच्या दाबाने पुरेशी फुगते, ही सूचना मेटफर्ड यांनी केली. ती युद्ध खात्यापर्यंत रॉबर्ट प्रिचेट या बंदूककारामार्फत पोहोचली. गोळीला प्रिचेट यांचे नाव मिळाले आणि १,००० पौंडांचे बक्षीसही त्यांनाच मिळाले. मेटफर्ड यांचा वाटा त्यामुळे बराच काळ झाकलेला राहिला.

१८५४ च्या सुमारास ते वेगळ्याच प्रश्नाकडे वळले. गोळी सुटण्याच्या क्षणी धक्क्याने नळी हलते, वाकते आणि कंप पावते. नेमबाजाने नेम बरोबर धरला तरी गोळी बाहेर पडेपर्यंत नळीचे तोंड जागा सोडते. नळी हा एक स्थिर पाइप नसून लवचीक दांडा आहे, असे मानून केलेला हा त्या काळातील मोजक्या अभ्यासांपैकी एक होता.

भारतातील वास्तव्य

१८५७ च्या सुरुवातीस मेटफर्ड यांनी ईस्ट इंडियन रेल्वेची नोकरी स्वीकारली. त्यांची नेमणूक गंगेकाठी मुंगेर येथे झाली. मुंगेर हे बंदुकांच्या कारागिरीसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होते. अठराव्या शतकात बंगालचा नवाब मीर कासिम याने तेथे शस्त्रांचा कारखाना उभारला होता आणि ती परंपरा पुढेही टिकून राहिली.

ते पोहोचल्यानंतर थोड्याच काळात १८५७ चा उठाव सुरू झाला. एनफिल्ड रायफलच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून शिपायांत असंतोष पसरला होता. त्या काडतुसांत बसणारी गोळी प्रिचेट पद्धतीची, म्हणजे काही अंशी मेटफर्ड यांच्याच कल्पनेतून आलेली होती. उत्तरेत पेटलेल्या या उठावाचे लोण पुढे सातपुड्यापर्यंत गेले आणि खान्देशच्या सीमेवर खाज्या नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्लांनी इंग्रजांविरुद्ध लढा दिला. मुंगेरमध्ये मेटफर्ड यांच्याकडे संरक्षणाच्या बांधकामाची जबाबदारी देण्यात आली. उन्हाळा आणि अतिश्रम यांनी त्यांची प्रकृती इतकी खालावली की सुमारे वर्षभरात त्यांना इंग्लंडला परतावे लागले. अभियंत्याच्या व्यवसायात ते पुन्हा कधीच पूर्णपणे उभे राहू शकले नाहीत. रायफलचे संशोधन हेच त्यांचे मुख्य काम झाले.

या काळात त्यांनी स्फोटक गोळीही तयार केली आणि १८६३ मध्ये ती सैन्यासाठी स्वीकारण्यात आली. १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक प्रक्षेपकांवर बंदी घातल्यावर या शोधाला भवितव्य उरले नाही.

उथळ खाचांची नळी

त्या काळी अचूक नळीचे मानदंड जोसेफ व्हिटवर्थ यांनी घालून दिले होते. त्यांच्या .४५१ इंची नळीचा छेद षटकोनी होता आणि गोळीला दर २० इंचांत एक फेरा मिळे. १८६० मध्ये विंबल्डन येथील राष्ट्रीय स्पर्धेचे उद्घाटन राणी व्हिक्टोरिया यांनी व्हिटवर्थ रायफलनेच केले होते. या नळीची अचूकता मोठी होती, पण काळ्या दारूची काजळी तिच्यात लवकर साचे.

काळ्या दारूचा निम्म्याहून अधिक भाग जळल्यावर घन अवशेष म्हणून उरतो. खोल आणि चौकोनी कोपऱ्यांच्या खाचांत तो घट्ट बसतो. दहा-वीस गोळ्यांनंतर नळीचा आतला आकार बदलू लागतो आणि गोळ्या भरकटतात. शिवाय हा अवशेष हवेतील ओलावा शोषतो. नळी वेळेवर आणि पुरती स्वच्छ झाली नाही तर कोपऱ्यांतून गंज धरतो. भारतासारख्या पावसाळी प्रदेशात चांगली नळी खराब होण्याचे हे नेहमीचे कारण होते.

गोळी फिरवण्यासाठी खोल खाचांची गरजच नाही, हे मेटफर्ड यांनी ओळखले. शिशात दुसरा धातू मिसळून गोळी कठीण केली आणि तिच्याभोवती पातळ कागद गुंडाळला, तर अगदी उथळ खाचाही तिला पकडू शकतात. १८६५ मध्ये त्यांनी पाच उथळ खाचांची स्पर्धेची रायफल पुढे आणली. खाचांच्या आणि त्यांमधील उंचवट्यांच्या कडा गोलसर असल्याने काजळीला थारा मिळत नसे आणि नळी पुसणे सोपे होई. स्पर्धेच्या नळ्यांत ते पीळही बदलता ठेवत. मागच्या बाजूला तो सौम्य असे आणि तोंडाकडे वाढत जाई, त्यामुळे गोळीला सुरुवातीलाच झटका बसत नसे.

जॉर्ज गिब्ज यांची निवड

अशा नळीत चुकीला वाव फार थोडा असतो. पुढे सैन्याच्या .३०३ नळीत मेटफर्ड खाचांची खोली इंचाचा केवळ चार सहस्रांश होती. नळीचा व्यास मध्येच एखाद-दुसऱ्या सहस्रांशाने वाढला तर खोल खाचांच्या नळीत ते खपून जाते. मेटफर्ड यांच्या नळीत मात्र तेवढ्याने गोळीची पकड सुटू शकते. त्यामुळे रचना कितीही चांगली असली तरी छिद्र सरळ पाडणारा, ते एका मापात घासणारा आणि प्रत्येक खाच सारख्या खोलीची कापणारा कारागीर मिळाल्याशिवाय तिचा उपयोग नव्हता.

हे काम मेटफर्ड यांनी ब्रिस्टलच्या जॉर्ज गिब्ज यांच्या पेढीकडे सोपवले. ही निवड लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या मोठ्या नावांना डावलून झालेली होती आणि ती योग्य ठरली. मेटफर्ड स्वतः ब्रिस्टलमध्येच राहत असल्याने प्रयोग आणि कारखाना यांतील अंतर कमी राहिले. १८७२ मध्ये स्कॉटलंडच्या जॉन फार्कारसन यांनी मागून भरण्याच्या रायफलसाठी मजबूत यंत्रणेचे पेटंट घेतले आणि गिब्ज यांनी मेटफर्ड यांची नळी तिच्याशी जोडली. गिब्ज-फार्कारसन-मेटफर्ड रायफल संख्येने कमी बनल्या, पण नेमबाज आणि शिकारी त्या मागणी नोंदवून बनवून घेत. आफ्रिकेतील प्रसिद्ध शिकारी फ्रेडरिक सेलूस .४६१ इंची गिब्ज-मेटफर्ड वापरत असत.

लेस्टरशायरमधील विस्टो येथील सर हेन्री हॅल्फर्ड हे मेटफर्ड यांचे दुसरे महत्त्वाचे सहकारी होते. मेटफर्ड यांनी आखलेली प्रत्येक नवी नळी मैदानावर पारखण्याचे काम या निष्णात नेमबाजाने केले.

स्पर्धांतील यश

१८७१ मध्ये मागून भरण्याची मेटफर्ड रायफल विंबल्डनच्या मैदानावर आली आणि हॅल्फर्ड यांनी तिच्या साहाय्याने १,००० यार्डांवरील प्रमुख पारितोषिक जिंकले. १८७७ ते १८९४ या काळात ड्यूक ऑफ केंब्रिज पारितोषिक केवळ चार वेळा मेटफर्ड रायफलच्या हातून निसटले. अपयशही आले. १८७७ मध्ये न्यूयॉर्कजवळील क्रीडमूर येथे हॅल्फर्ड यांच्या नेतृत्वाखालील ब्रिटिश संघाला अमेरिकी नेमबाजांकडून पराभव पत्करावा लागला.

सैन्याने मात्र १८७१ मध्ये एडिंबराचे बंदूककार अलेक्झांडर हेन्री यांची नळी निवडून मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली होती. मेटफर्ड यांना आणखी सतरा वर्षे थांबावे लागले.

ली-मेटफर्ड रायफल

१८८० च्या दशकात युरोपातील सैन्ये लहान व्यासाच्या, अनेक काडतुसे सामावणाऱ्या रायफलकडे वळली. ब्रिटिश समितीने जेम्स पॅरिस ली यांची खटक्याची यंत्रणा आणि पेटी निवडली. .३०३ इंची नळीच्या आतील रचना मेटफर्ड यांच्याकडून घेण्यात आली. तिच्यात सात उथळ खाचा होत्या. पीळ डावीकडे असून दर १० इंचांत एक फेरा मिळे. १८८८ मध्ये स्वीकारलेल्या या रायफलला १८९१ पासून ली-मेटफर्ड हे नाव मिळाले.

कॉर्डाइट आणि नळीची झीज

ही नळी काळ्या दारूसाठी आखलेली होती आणि सुरुवातीची काडतुसेही काळ्या दारूचीच होती. त्यानंतर लगेच फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी विकसित केलेली कॉर्डाइट ही धूररहित दारू वापरात आली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन होते. धूर आणि काजळी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ज्या दोषावर मेटफर्ड यांनी तीस वर्षे उपाय शोधला होता, तो दोषच उरला नाही.

त्याऐवजी उष्णता आली. कॉर्डाइटचे वायू इतके तप्त असत की गोळीमागील पोलादाचा पृष्ठभाग प्रत्येक वेळी थोडा थोडा झिजून जाई. मेटफर्ड यांच्या खाचा मुळातच उथळ आणि कडा गोलसर असल्याने झिजण्यासाठी तेथे फारसे धातूच नव्हते. काही हजार गोळ्यांतच उंचवटे सपाट होऊन नळीची अचूकता जाऊ लागली. एनफिल्ड येथील सरकारी कारखान्याने पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचांची नळी तयार केली. तिच्यात काजळी अधिक धरू शकत असली तरी आता तिची भीती नव्हती. १८९५ मध्ये तीच यंत्रणा आणि ही नवी नळी मिळून ली-एनफिल्ड रायफल अस्तित्वात आली.

या बदलाचा अर्थ मेटफर्ड यांची रचना चुकीची होती असा काढला जातो, तो पूर्णतः योग्य नाही. १९०१ मध्ये कॉर्डाइटमधील नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणण्यात आले आणि त्यामागील मुख्य हेतू नळ्यांची झीज कमी करणे हाच होता. पुढे जपानच्या टाइप ९९ रायफलमध्ये मेटफर्ड पद्धतीच्या खाचा क्रोमचा मुलामा दिलेल्या नळीत पुन्हा वापरण्यात आल्या.

निधन

मेटफर्ड यांची प्रकृती मुंगेरहून परतल्यापासून नाजूकच होती. अखेरच्या वर्षांत ती पूर्णपणे ढासळली. हॅल्फर्ड यांचे १८९७ मध्ये निधन झाले. मेटफर्ड १४ ऑक्टोबर, १८९९ रोजी ब्रिस्टलमधील रेडलँड येथे मृत्यू पावले. त्याच्या तीनच दिवस आधी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झाले होते आणि तेथे गेलेल्या अनेक ब्रिटिश तुकड्यांच्या हाती अजूनही ली-मेटफर्डच होत्या.

भारतातील पुढील वापर

बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ली-एनफिल्ड रायफली बनू लागल्या. पुण्याजवळील खडकी येथील १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्यात .३०३ ची काडतुसे तयार होत आणि त्यांच्या बुडावर केएफ ही अक्षरे उमटवलेली असत. स्वातंत्र्यानंतरही ही रायफल महाराष्ट्रासह अनेक राज्यांच्या पोलीस दलांत दीर्घकाळ राहिली. ईशापूरच्या नळ्यांतील पाच खाचा एनफिल्ड पद्धतीच्या होत्या. नळीचा .३०३ इंच व्यास, डावीकडे जाणारा पीळ आणि दर १० इंचांतील एक फेरा मात्र १८८८ च्या मेटफर्ड नळीतील तोच राहिला.