कर्नल साईक्स आणि डोंगरावरची मुंगी

विल्यम हेन्री साईक्स हे नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल. इतिहासाच्या तासाला खडकीची लढाई येते, पेशवाई बुडते आणि आपण एल्फिन्स्टनकडे वळतो. परंतु त्या लढाईत कंपनीच्या बाजूने लढलेला हा अधिकारी पुढे आपल्याच मुलखातून मुंग्या, मासे नि पाखरे वेचीत हिंडला. मी आंदर मावळातली. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी पहिलीच. आमच्या डोंगरांविषयी इतक्या बारकाईने कोणी लिहिले असेल असे मला वाटलेच नव्हते, म्हणून या माणसाचे चरित्र लिहावेसे वाटले.

साईक्सचा जन्म १७९० साली इंग्लंडातील यॉर्कशायरमध्ये झाला. १८०४ साली, मिसरूडही फुटले नसेल अशा वयात, तो कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता, आणि १८१७ साली खडकीलाही होता. नंतर १८२४ साली गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला दख्खनच्या सांख्यिकी माहितीच्या कामावर नेमले. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांतील माणसे, जमिनी, पिके, वतने, पाऊसपाणी यांची नोंद करायची. नव्या सरकारला सारा बसवायचा तर ही माहिती हवीच होती. तेव्हा त्याच्या मोजणीत आपल्या पूर्वजांविषयीचे प्रेम फार शोधू नये.

मुंग्यांवर मात्र सारा नव्हता. १८२९ च्या जूनमध्ये पुण्यात सकाळी फिरायला गेला असता कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्याला गवताच्या बियांचे छोटे छोटे ढीग दिसले. एकेक ढीग मूठभर. शेकडो मुंग्या बिळातून बी वर आणीत होत्या. पहिल्या पावसाने भिजलेले बी उन्हात वाळवायला काढले आहे, असे त्याने ताडले. ऑक्टोबरात, परतीच्या पावसानंतर, तोच प्रकार त्याने पुन्हा पाहिला.

यात विशेष ते काय, असे कोणीही म्हणेल. आपल्याकडे दाणा ओढून नेणारी मुंगी पोरांनाही ठाऊक. पण युरोपातले त्या काळचे पंडित हे मानायला तयार नव्हते. बायबलात मुंगी धान्य साठवते असे आहे. परंतु त्यांच्या थंड देशातील मुंग्या तसे करीत नाहीत, म्हणून प्राचीनांनी मुंग्यांचे कोशच धान्य समजले असावेत असा त्यांचा तर्क. विल्यम कर्बी आणि त्याचा सहकारी स्पेन्स यांच्या प्रसिद्ध ग्रंथातही हेच मत होते. साईक्सने डोळ्यांनी पाहिलेले मांडले आणि त्या मुंगीला लॅटिनमध्ये ‘प्रोव्हिडेन्स’, म्हणजे पुढची तरतूद करणारी, असे नाव दिले. पुढे जर्डनने दक्षिण हिंदुस्थानात व मॉग्रिजने फ्रान्सच्या किनाऱ्यावर तसेच पाहिल्यावर शंका फिटली.

गंमत अशी की त्याच १८३५ च्या निबंधात दुसऱ्या एका मुंगीला त्याने या कर्बीचेच नाव दिले. कर्बी हा एक पाद्री. १८०२ साली इंग्लंडातील मधमाश्या आणि केसाळ गुबगुबीत भुंगे यांची शास्त्रशुद्ध वर्गवारी करून तो गाजला होता. तसले खरे डोंगरी भुंगे आपल्याकडे हिमालयाच्या थंडीत असतात, सह्याद्रीत नाहीत; आपल्या घराचे वासे पोखरतो तो भुंगा निराळा. मात्र मुंगी, माशी आणि भुंगा एकाच गणातले, आणि ओळख पटविण्याची रीतही एकच: कंबर, पंख, जबडा पाहायचा.

‘कर्बी’ मुंगी पुणे-साताऱ्याच्या घाटमाथ्यावरची. तिचे घरटे झाडाच्या फांदीवर असते. साईक्सने ते शेणाचे असल्याचे लिहिले आहे: पातळ पापुद्रे कौलांसारखे एकावर एक चढविलेले, आणि माथ्यावर टोपीसारखे एक अखंड झाकण, म्हणजे आत पावसाचा थेंब शिरू नये. आजीबरोबर करवंदांना जाताना अशी घरटी मी कितीदा पाहिली आहेत. लांबून देवळाच्या शिखरासारखी दिसतात. तांबूस सुतारपक्षी चावऱ्या मुंग्यांच्या अशाच घरट्यात पोखरून आपली अंडी घालतो, हे मात्र मला अलीकडेच कळले.

कंबरेला दोन गाठी म्हणून साईक्सने तिला ‘मिर्मिका’ वंशात बसविले. परंतु हिचे पोट वरून बदामाच्या आकाराचे, आणि चिडली की ते पाठीवरून उलटे उचलते. म्हणून पुढे ती ‘क्रेमॅटोगॅस्टर’ वंशात गेली. शास्त्रीय नावाचा पहिला शब्द असा बदलू शकतो, दुसरा राहतो. कर्बी राहिला.

माशांच्या बाबतीत साईक्स जास्त उदार वाटतो. मुळा-मुठेतल्या महाशीरला त्याने ‘खुदरी’ म्हटले, इतरांना ‘कोलुस’, ‘नुक्ता’. ही नावे इथल्याच लोकांच्या तोंडून घेतलेली. रानकुत्र्याचे ‘कोळसून’ हे मराठी नावही त्याने टिपून ठेवले. हे सांगणारे कोळी, ठाकर, भोई कोण होते? त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोणत्या माशाला वा मुंगीला नाही. मला हे खटकते. लोणावळ्याला वळवण धरणाकाठी टाटांच्या केंद्रात १९७० च्या दशकात त्याच महाशीरची पैदास सुरू झाली, तेव्हाही शास्त्रज्ञांच्या कागदावर ‘खुदरी’च होते, शेवटी साईक्सचे नाव.

१८३१ साली तो मायदेशी गेला. लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या स्थापनेत त्याचा हात होता. १८५६ साली तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, म्हणजे उठाव झाला त्याच्या आदल्या वर्षी; १८५७ पासून अ‍ॅबर्डीनचा खासदार. १८७२ च्या जूनमध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, तो वारला. तेव्हा मुंबई-पुणे आगगाडी खंडाळ्याचा घाट चढू लागून नऊ वर्षे झाली होती.