रेघेत मावलेली फौज

लढायांची वर्णने मी हौसेने वाचत आलो. पण लढाईची किंमत मला उमगली ती एका नकाशातून. तो काढला शार्ल जोझेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने, वयाच्या ८९व्या वर्षी!

मिनार यांचा जन्म १७८१ चा, दिजाँचा. उभी हयात रस्ते, कालवे, बंदरे यांत गेली. तरुणपणी अँटवर्पला असताना शहराला पडलेला वेढा त्यांनी आतून अनुभवला होता. १८५१ मध्ये ते सेवानिवृत्त झाले आणि मग नकाशांतच रमले. त्यांची युक्ती साधी होती. जितका माल किंवा जितकी माणसे, तितका नकाशावरचा पट्टा रुंद. अमेरिकेतील यादवीमुळे तिकडचा कापूस अडला, तेव्हा हिंदुस्थानातून युरोपला जाणारा पट्टा कसा फुगला, हेही त्यांनी १८६६ च्या नकाशात दाखवले. मुंबईच्या कापूसबाजारातील त्या तेजीच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतातच.

नोव्हेंबर १८६९ मध्ये त्यांनी याच युक्तीने नेपोलियनची १८१२ ची रशियावरील स्वारी मांडली. दहा हजार सैनिकांना एक मिलिमीटर, हे प्रमाण. नेमान नदीपाशी ४,२२,००० सैनिकांचा पट्टा चार सेंटिमीटरहून रुंद आहे. मॉस्कोला पोहोचतात १,००,०००. तिथून परतीचा काळा पट्टा निघतो. खाली थंडीचा आलेख, तारखांसह. बेरेझिना नदीअलीकडे ५०,००० माणसे, पलीकडे २८,०००. शेवटी नेमानपाशी उरतात १०,०००, म्हणजे जेमतेम एक मिलिमीटरची रेघ. जाणारा रुंद पट्टा आणि येणारी ही रेघ तिथे शेजारी शेजारी आहेत. नकाशात ना सम्राटाचे चित्र, ना विजयाची पताका. शीर्षकातही उल्लेख आहे तो गमावलेल्या माणसांचा.

पुढच्याच वर्षी प्रशियाचे सैन्य पॅरिसकडे सरकू लागले. कुबड्या घेऊन चालणारे मिनार पुस्तके, कागदपत्रे मागे टाकून बोर्दोला गेले आणि २४ ऑक्टोबर १८७० रोजी तापाने वारले. युद्धाचा हिशेब मांडणाऱ्या म्हाताऱ्याला युद्धाने घराबाहेर काढलेच.

हा नकाशा कुठे पाहण्यात आला, तर घरातल्या मुलांना त्या पट्ट्यावरून बोट फिरवू द्या. मॉस्कोला जाऊन बोट परत येईल, तेव्हा बाकीची माणसे कुठे गेली, हे मुलेच विचारतील.