मोटारसायकल विकून मिळवलेले आकाश

गेल्या सत्रात आमची वैद्यकीय तपासणी झाली. डाव्या डोळ्याने मला तक्त्यावरची खालची ओळ वाचता आली नाही. लहानपणापासून मला लढाऊ वैमानिक व्हायचे आहे. त्या रात्री अभ्यासात माझे लक्षच लागले नाही. पुढच्या वेळी तक्ता पाठ करून जा, असे एका मित्राने सुचवले. खरे सांगतो, मी तसेच करणार होतो. त्याच आठवड्यात वाचनालयात इंद्रलाल रॉय यांच्याविषयी वाचायला मिळाले. त्यांची गोष्ट आज तुम्हाला सांगतो.

इंद्रलाल यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. पुढे त्यांचे कुटुंब लंडनला गेले आणि तेथील सेंट पॉल्स शाळेत ते शिकले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते शाळेतच होते, म्हणजे साधारण माझ्याच वयाचे. त्यांना रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जायचे होते, पण दृष्टी कमी असल्याचे कारण देऊन त्यांना नाकारण्यात आले. तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांतून एका नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे पुन्हा तपासून घेतले. या तपासणीत ते योग्य ठरले. एप्रिल १९१७ मध्ये ते कॅडेट झाले आणि जुलैमध्ये सेकंड लेफ्टनंट.

ऑक्टोबरच्या शेवटी ते फ्रान्समध्ये ५६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. एस. ई. ५ जातीचे विमान युद्धभूमीवर सर्वांत आधी नेणारी हीच स्क्वाड्रन. हे एकाच वैमानिकाचे, दुहेरी पंखांचे विमान होते. लाकडी सांगाडा आणि त्यावर ताणून बसवलेले कापड, अशी त्याची बांधणी होती. एक व्हिकर्स मशीनगन फिरत्या प्रोपेलरच्या पात्यांमधून गोळ्या झाडायची, तर दुसरी लुईस गन वरच्या पंखावर असायची. ब्रिटिश वैमानिकांना तेव्हा पॅराशूट दिले जात नसे. विमान बिघडले तर ते कसेही करून जमिनीवर उतरवणे एवढाच मार्ग उरे.

६ डिसेंबर १९१७ रोजी इंद्रलाल यांच्यावर हीच वेळ आली. त्यांचे एस. ई. ५ ए विमान उतरताना आदळले आणि ते गंभीर जखमी झाले. असे सांगतात, की त्यांना मृत समजून शवागारात ठेवले होते. शुद्धीवर आल्यावर ते आतून दार ठोठावू लागले, तेव्हा बाहेरचे लोक घाबरून गेले. चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणिसावे वर्ष पूर्ण झाले होते.

उपचारासाठी त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. उड्डाणासाठी अयोग्य, असा शेरा त्यांच्यावर दुसऱ्यांदा बसला. बरे होत असताना ते विमानांची चित्रे काढत. त्यांतली बरीच चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. त्यांनी पाठपुरावा सोडला नाही आणि अखेर उड्डाणाची परवानगी मिळवली. जून १९१८ मध्ये ते ४० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आले. तेथे जॉर्ज मॅकएलरॉय हे आयरिश कॅप्टन त्यांचे फ्लाइट कमांडर होते.

यानंतर जे घडले ते फक्त दोन आठवड्यांत घडले. ६ ते १९ जुलै या काळात इंद्रलाल यांच्या नावावर दहा हवाई विजय नोंदले गेले. त्यांपैकी तीन तर ८ जुलै या एकाच दिवशी मिळाले. पाच विजय मिळवणाऱ्या वैमानिकाला ‘एस’ म्हणतात. २२ जुलै रोजी फ्रान्समधील कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झुंजताना ते मारले गेले. मरणोत्तर त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. हे पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. एस्तेव्हेल येथे त्यांची कबर आहे आणि तिच्यावर बंगाली अक्षरेही कोरलेली आहेत. कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि १९९८ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

ते ब्रिटिशांच्या गणवेशात लढले, मग त्यांना आपले का म्हणायचे, असा प्रश्न माझ्या एका वर्गमित्राने विचारला. मी थोडा विचार केला. भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली, म्हणजे इंद्रलाल गेल्यानंतर चौदा वर्षांनी. आपले हवाई दलच तेव्हा नव्हते. पण भारतीय तरुण लढाऊ विमान चालवू शकतो, हे त्यांनी त्याआधीच दाखवून दिले होते.

मला सर्वांत जास्त विचार करायला लावला तो मोटारसायकलने. त्यांनी तक्ता पाठ केला नाही. ते पुन्हा तपासणीला गेले, आणि तिथेही नकार मिळाला असता तर मोटारसायकलही गेली असती. हा धोका त्यांनी पत्करला. शिवाय खोट्या दृष्टीने आकाशात गेलेला वैमानिक एकटा मरत नाही, शेजारून उडणाऱ्या सोबत्यालाही धोक्यात घालतो.

सुट्टीत मी बाबांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि जे दिसले तेवढेच वाचले. मला चष्मा लागला आहे. वैमानिक होणे कदाचित जमणार नाही. पण एकेका विमानामागे जमिनीवर किती हात राबतात, तेही मी आता वाचू लागलो आहे. पुढची तपासणी डिसेंबरमध्ये आहे. तक्त्याची एकही ओळ मी पाठ केलेली नाही.

जय हिंद!